मंगळवारपर्यंत घरपोच

सोनाळा,
२९ जुलै २०१८, रविवार

चि. हर्षल,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात, मी माझ्या. तुझ्या वडिलांना सांग, वर्षातून एकदा बहिणीला फोन केला तर पुण्यातली इमारत कोसळत नाही.

हे सगळं फोनवर का नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस आणि नजर समोरच्या पडद्यावर असते. मला इथं बसून कळतं ते. तेहतीस वर्षं वर्ग सांभाळलेत. कागद हातात आला की माणूस निदान घडी तरी उलगडतो.

तुझा तक्ता मिळाला. डोंगराकडची नऊ गावं आणि त्यांच्यापुढे रिकामे रकाने : ‘अकोल्याच्या कुरिअर केंद्रातून निघालेलं पार्सल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत किती दिवस?’ खाली तुझी समजावणी. डबा बांधायला एक दिवस, अकोल्यापर्यंत एक, तिथून गावापर्यंत जे काय ते, वर एक दिवस राखीव. रविवार आणि सण वगळायचे, दुपारी दोननंतर ऑर्डर आली तर एक दिवस पुढे ढकलायचा. या सगळ्याची बेरीज करून तुझं ते मोबाइलवरचं दुकान शेतकऱ्याला तारीख सांगणार. इतकं मला कळलं. कळलं नाही ते एवढंच की ‘तीन ते आठ दिवस’ असं सरळ लिहायला तुमचं काय जातं? तू म्हणतोस, लांब मुदत पाहिली की गिऱ्हाईक पळतं, एकच तारीख लागते. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरही एकच ओळ असायची, बोंडअळी येणार नाही. गेल्या वर्षी गुलाबी अळी आली. तिला वाचता येत नव्हतं, दुसरं काय.

तरी तू विकतोस ती वस्तू चांगली आहे, हे मान्य. त्या ट्रायकोकार्डाबद्दल मी वाचलं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर हजारो बारीक अंडी, त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी गांधीलमाशी निघते आणि बोंडअळीची अंडी संपवते. विष नाही, वास नाही. पण ती जिवंत वस्तू आहे. मिळाल्यापासून चार दिवसांत कपाशीच्या पानाला टाचलं नाही तर माश्या पाकिटातच निघतात आणि पाकिटातच मरतात. खताची गोणी उशिरा आली तर उशिरा टाकता येते. हिचं तसं नाही. तेव्हा तुझी ती तारीख जपून लिही.

मला यात एवढा रस का, तेही सांगते. चिंचबारीची जनकाबाई तुला आठवणार नाही. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिचा नवरा दयाराम गेल्या वर्षी फवारताना वावरातच पडला. दुकानदारानं तीन औषधं एकत्र करून दिली होती. अकरा दिवस अकोल्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा हे अंगावर गेलं तर आधी डोळे जातील, मग बाकीचं. आणि दयाराम कसा, तर अळी दिसली की पाठीवर पंप. यंदा जनकाबाईनं त्याला माझ्या ओसरीवर आणून बसवला आणि माझ्यादेखत कबूल करून घेतलं की फुलोऱ्यात कार्डं लावायची आणि पंपाला हात लावायचा नाही. तो काय म्हणाला, तसंच लिहिते : “टायमावर आलं तुयं कार्ड तं ठीक. नाही आलं तं मी थांबत नाही. बाईसमोर सांगून ठेवतो.”

तेव्हा ही तारीख म्हणजे त्या माणसाचे डोळे आहेत, असं समजून काम कर.

तक्ता भरून सोबत ठेवला आहे. नऊही गावांपुढे ‘एक’ लिहिलं आहे. कुरिअरवाला मतीन अकोल्याहून सकाळी टेम्पो काढतो, दुपारच्या आत सोनाळ्यात असतो. तुझ्याच नोंदी बघ. आमच्या भागातलं एकही पार्सल उशिरा नाही म्हणून गेल्या दिवाळीत तूच माझं कौतुक केलं होतंस. कसं जमतं ते विचारू नकोस. माझी ओसरी आहे, मतीन आहे, चाललंय. तुझा तो राखीव दिवससुद्धा आमच्यासाठी काढून टाक. आम्ही काही पुणेकर नाही, वेळेवर असतो.

जेवत जा.

तुझी आत्या,
पुष्पांजली


सोनाळा,
२८ ऑगस्ट २०१८

हर्षल,

आशीर्वाद. ख्यालीखुशाली नंतर.

दयाराम शनिवारपासून अकोल्याच्या दवाखान्यात आहे. त्यानं फवारलं. शुक्रवारी संध्याकाळी संग्रामपूरला जाऊन औषध आणलं आणि शनिवारी सकाळी पंप भरला. दहाच्या सुमारास जनकाबाईला तो बांधावर सापडला, तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. चिंचबारीच्या जीपवाल्या बशीरनं जीपमधली माणसं खाली उतरवली आणि त्याला अकोल्याला पोचवला. जगेल म्हणतात. डोळ्यांचं कोणी काही बोलत नाही.

कार्डं वेळेवर मिळाली असती तर हे झालं नसतं. ऑर्डर शुक्रवारी १७ तारखेला, सकाळीच. तुझ्या पानावर लिहून आलं, ‘मंगळवार, २१ ऑगस्टपर्यंत घरपोच’. जनकाबाईनं ते अंगणवाडीच्या बाईच्या फोनवर तीनदा वाचलं. तीनदा! देवाच्या पोथीतलं वाक्यसुद्धा ती एकदा ऐकून सोडून देते. मंगळवार गेला, बुधवार गेला, आठवडा गेला. आणि तिकडे पुण्यात थंड हवेच्या खोलीत बसून तुम्ही तारखा छापताय. कोणी विचारलं होतं का तारीख? इतकी वर्षं इथं माणसं तारखेशिवाय जगली नाहीत? तुम्ही ती बोटाएवढी ठळक, हिरव्या रंगात लिहिता. हिरवा रंग कोणी निवडला रे?

आणि तो संग्रामपूरचा दुकानदार. बंदी असलेलं औषध पोटमाळ्यावरून काढून देतो आणि वर चहा पाजतो. कृषी खात्याचा माणूस सोमवारी आला, वहीत लिहून घेऊन गेला. ‘मास्क लावला होता का?’ म्हणे. ऑगस्टच्या उकाड्यात, छातीएवढ्या कपाशीत, मास्क! मी त्याला माझ्या वर्गात बेंचवर उभं केलं असतं.

पाकीट मी उघडून पाहिलं. आत कार्डाच्या खाली काळी भुकटी साचली होती. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक कणाला पंख.

जनकाबाईनं दवाखान्यातूनच तुमच्याकडे तक्रार नोंदवली आहे. तिला ताबडतोब दुसरी कार्डं पाठव. झाडाला अजून फुलं आहेत. तारीख वगैरे काही सांगू नकोस, नुसती पाठव.

आत्या


सोनाळा,
६ सप्टेंबर २०१८

चि. हर्षल,

तुझं पत्र मिळालं. छापील अक्षरात का होईना, पत्र लिहिलंस.

तुझ्या नोंदीत आहे की पार्सल २१ ऑगस्टला सकाळी अकरा चाळीसला पोचलं आणि जनकाबाईची सही आहे. सहीचं चित्रही तू सोबत छापून पाठवलंस. म्हणून तक्रार नामंजूर. आणि खाली विचारलंस, ‘आत्या, तू तिथंच असतेस. बाई खोटं बोलतेय ना?’

हे पत्र मी चार दिवसांत तीनदा सुरू केलं. दोनदा तुलाच झापलं आणि कागद फाडला.

जनकाबाई खोटं बोलत नाही. ती सही तिची नाही. माझी आहे.

आता सगळं लिहिते, मध्ये बोलू नकोस.

मतीनचा टेम्पो सोनाळ्याच्या पुढे जात नाही. कधीच गेला नाही. नऊ गावांचा कच्चा रस्ता, एकेका गावात एकेक पार्सल, डिझेल कोण देणार? पूर्वी तो फोन लावायचा, डोंगराकडे फोन लागायचा नाही, मग पार्सल परत अकोल्याला. परत गेलं की दंड मतीनला. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या ओसरीवर डोकं धरून बसला होता. “मॅडम, तुमी घेऊन ठेवा ना. बाजाराच्या दिवशी लोकं येतातच तुमच्याकडं. सई मारून द्या, माह्याच्यानं दंड नाही भरल्या जात.” मी म्हटलं, ठेव. त्यानं यंत्र पुढे केलं आणि मी काचेवर बोटानं सही केली. पहिल्यांदा स्वतःची. यंत्रानं ती घेतली नाही असं नाही, पण मतीन म्हणाला, एकाच नावाच्या सह्या फार झाल्या की वरून विचारतात.

म्हणून मी त्यांच्या सह्या करायला लागले. भगवंतरावांची तिरकी, शालूबाईची एकेक अक्षर सुटं. सगळे कधी ना कधी माझ्या वर्गात बसलेले, नाहीतर त्यांची मुलं. जनकाबाईचा ‘ज’ तिच्या वहीतला मला अजून आठवतो, पोट फार मोठं काढायची. कॉन्व्हेंटमध्ये सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मला तीन वर्षं ओळीनं मिळालं होतं. त्या सिस्टरना स्वर्गात हे दिसत असेल तर त्या मान फिरवून बसल्या असतील. कॉपी करणाऱ्या मुलांच्या हातावर मी पट्टी मारलेली आहे, हर्षल.

पण चाललं होतं. लोक रविवारच्या बाजाराला यायचे, आधी ओसरीवर डोकावायचे. “बाई, आमचं काही हाय काय?” असलं तर न्यायचे, नसलं तर पुढल्या रविवारी. कोणाला तारीख माहीत नव्हती, म्हणून कोणी घरी वाट पाहत बसत नव्हतं. पार्सल पोचायचं माझ्या ओसरीवर, आणि तुझ्या यंत्रात लिहिलं जायचं ‘ग्राहकाच्या हाती’. तेवढ्यावर तू आमचे दिवस मोजलेस. तरीही तू नुसता यंत्रावर विसंबला नव्हतास, तक्ता पाठवून मला विचारलं होतंस. ‘हातात पडेपर्यंत किती दिवस’, स्वच्छ मराठीत विचारलं होतंस. खरं उत्तर होतं, रविवार येईपर्यंत. ते लिहिलं असतं तर सह्या उघड झाल्या असत्या. मी ‘एक’ लिहिलं, नऊ वेळा. आणि राखीव दिवसही काढायला लावला.

गेल्या गुरुवारी दवाखान्यात गेले होते. जनकाबाई जिन्यात बसली होती. म्हणाली, “मंगळवारी वावरात नाही गेली मी बाई. अंगण सारवलं, दारात बसून राह्यली. बुधवारी बी बसली. जीप वाजली का उठून पाहो.”

मी म्हटलं, “माझ्याकडे का नाही आलीस? नेहमी येतेस.”

“नेहमी तारीख नव्हती ना, बाई. घरपोच लिवलं होतं. मी बजारात निघून गेली आन् मागून आलं तं?” मग म्हणाली, “शुक्रवारी त्यायनं फूल फोडून दाखवलं मले. अळी होती. म्हणे, ‘तुयी वाट पाहून झाली असन तं मी जाऊ काय आता?’ काय म्हणू बाई मी?”

मी चष्मा काढून पुसत बसले. तिला वाटलं, मला वाईट वाटतंय म्हणून.

अजून एक राहिलं आहे. तेच लिहायचं टाळत होते.

मंगळवारी मतीन आला तेव्हा घाईत होता, दुसऱ्या दिवशी त्याची ईद. अकरा पार्सलं टाकली, मी अकरा सह्या केल्या. जनकाबाईचं पाकीट मी ओळखलं. वर लाल अक्षरात छापलं होतं, जिवंत, चार दिवसांत लावा. मला चष्म्याचीही गरज पडली नाही. चिंचबारीची जीप चार वाजता माझ्या घरासमोरून सुटते. बशीर तिच्या दारावरून जातो. नुसतं त्याच्या हातात द्यायचं होतं. मी खिडकीत बसून जीप भरताना पाहिली आणि जाताना पाहिली.

का, तर तिनं मला न विचारता ऑर्डर दिली होती. मी देणार होते. मी तुझा नंबर, तुझं नाव, सगळं तिला सांगितलं होतं, आणि ती अंगणवाडीच्या पोरीकडे गेली. वर घरपोच म्हणे. मला वाटलं, आता बाईची गरज नाही तर. ठीक आहे. येईल रविवारी पाय आपटत, विचारेल, मग देईन. बुधवारी मी त्या पाकिटावर भगवंतरावांच्या ठिबकच्या नळ्यांचं खोकं ठेवलं. सारखं नजरेसमोर नको म्हणून.

बस. एवढंच आहे. त्याला दुसरं नाव शोधत होते, मिळालं नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही.

तू आता तक्ता दुरुस्त कर. नऊ गावांपुढे खरे दिवस लिहून पाठवते आहे. कुठं पाच, कुठं आठ, पावसात चिंचबारी दहा. तिची तक्रार मंजूर कर. दुसरी कार्डं माझ्या नावानं पाठव, मी स्वतः बशीरच्या जीपमध्ये बसून नेऊन देईन. पहिल्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा लावायची असतात, वेळ अजून गेलेली नाही. आणि मतीनचं नाव कुठं घेऊ नकोस. त्यानं विचारलं, सही मी केली.

तुझी,
आत्या


सोनाळा,
१९ सप्टेंबर २०१८

हर्षल,

तू फोनवर बराच वेळ रडल्यासारखा बोललास. उगाच. तुझा काही दोष नाही, हे मी कागदावर लिहून देते, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

तुझ्या भागीदारांचं म्हणणं बरोबर आहे. नऊ गावांच्या सह्या खोट्या, तर नोंदी खोट्या. पाच ते दहा दिवसांत जिवंत वस्तू पाठवता येत नाही, आणि तुझ्या यंत्राला रिकामी तारीख चालत नाही. म्हणून आमचा पिनकोड बंद. मतीनलाही काढला. तू नाव घेतलं नव्हतंस, पण त्यांना दुसरा कोण होता विचारायला? तो काल येऊन गेला, आत आला नाही. फाटकातूनच म्हणाला, “तुमच्याबद्दल काही मनात नाही मॅडम.”

सकाळी मी तुझ्या दुकानात आमचा पिन टाकून पाहिला. ‘या भागात सध्या सेवा उपलब्ध नाही.’ करड्या रंगात. आमच्याबद्दल तुझ्या दुकानानं लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. तक्ता खोटा भरला तेव्हा कार्डं येत होती, खरा भरला तेव्हा बंद झाली. माझ्या वर्गात मी याच्या उलट शिकवलं होतं.

अकोल्यात दुसरं कोणी कार्डं ठेवतं का, तेही विचारून झालं. कृषी विद्यापीठाकडची संपली आहेत, आता पुढल्या महिन्यातच येतील. पुढल्या महिन्यात फुलं नसतील.

दयाराम घरी आला. उजेड-अंधार कळतो, समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं, पुढे किती दिसेल ते सांगत नाहीत. पण पंप काही डोक्यातून गेलेला नाही. आता काय म्हणतो ते जनकाबाईनं आत्ताच मला सांगितलं : “म्हणे, पंप मी घेतो पाठीवर. तू माह्या सदऱ्याले धरून मागून चाल, सरी चुकली का ओढ.” म्हणजे आता दोघं.

होय, आत्ताच. ती ओसरीवर बसली आहे. सकाळच्या जीपनं आली. आत आली, नमस्कार केला, आणि विचारलं, “बाई, दुसरे कार्डं कवा येतीन? तारीख सांगा मले. तारीख सांगतली तं तितले दिवस मी त्यायले धरून ठेवतो.” मी म्हटलं, बस, हर्षलला दोन ओळी लिहून येते. तिला वाटतंय, मी कार्डांसाठीच लिहिते आहे. म्हणून बिचारी आवाजही न करता बसली आहे. चहा दिला होता, तो तिनं बशीनं झाकून ठेवला.

तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कार्डं येणार नाहीत. आणि तिच्या नावाची सही मी केली, पाकीट पाच दिवस माझ्याकडे खोक्याखाली होतं. कोणती आधी सांगायची, याचा विचार करत इथवर लिहीत आले. पहिली आधी सांगितली तर दुसरी ऐकायला ती थांबणार नाही. दुसरी आधी सांगितली तर पहिलीवर विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, तुम्हीच कार्डं लपवून ठेवली असतील. आणि तसं म्हणायचा तिला हक्क आहे.

दोन ओळी म्हटलं होतं, चार पानं झाली. तिनं बाहेरून हाक मारली, “बाई, जीप निघून राह्यली.”

जाते.

आज आशीर्वाद लिहिण्याची माझी लायकी नाही, तो राहू दे.

पुष्पांजली